चौकावरून उठायचं नाही

आत्या, तुझ्या दहाव्याला तळ्यावर केवढी गर्दी झाली होती, हे तुला कोणीतरी सांगायला हवं. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि तुझा तो भला मोठा फ्लेक्स. फोटो माझ्या मयुरीच्या हळदीतला लावला होता, पिवळ्या गालांचा. प्रवचन झालं आणि मग गावातली मोठी माणसं एकेक करून माइकवर आली. त्यातला एक म्हणाला, "हिराबायनी आयुष्यभर तळवलीच्या लग्नांत धवले गायले. आणि गाता गाताच ती गेली. असं मरण भाग्यवंतालाच येतं." लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "सोन्यासारका मरान गो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच होते. नरेशदादाने हात धरून मला खाली बसवलं. "वनू, इथं नको." तुझा मुलगा तो, डोकं भादरून बसलेला, त्याच्याकडे बघून बसले. पण गिळायचं तरी किती? माइकवर बोलायचं राहिलं ते आता तुलाच ऐकवते. नाहीतरी माझं भांडण त्या माइकवाल्याशी नाहीच, तुझ्याशी आहे.

तू गाता गाता गेली नाहीस, आत्या. साफ खोटं आहे ते. मयुरीचं लग्न पार पडलं, पोरगी सासरी गेली, मांडवातल्या खुर्च्यासुद्धा टेम्पोत चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नरेशदादाकडे चहा घेत बसलीस आणि तुझ्या हातातून कप सुटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं. वहिनीला वाटलं, लग्नाची दमणूक आहे. तिने तुला आडवं केलं, लिंबूपाणी पाजून बघितलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. तोंड वाकडं झालं की त्याच मिनिटाला माणसाला गाडीत घालायचं असतं, हे त्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. मी नेरूळहून रिक्षा करून पोहोचले तोवर सकाळ सरत आली होती. मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे गाडी निघाली. मेंदूत रक्तस्राव झालाय, म्हणाले. त्यानंतर तू नुसती पडून होतीस. अख्ख्या गावाच्या लग्नात देव बोलावणारी बाई, आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. डाव्या हाताने माझी ओढणी धरायचीस आणि घशातून काहीतरी आवाज काढायचीस. काय सांगायचं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाता गाता म्हणे!

हॉस्पिटलातल्या डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला होता, "बीपीची गोळी चालू होती का?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हो." "रोज घ्यायच्या?" "रोज." माझा आवाज सगळ्यांत मोठा. कारण आरोग्य केंद्रात तुझ्याबरोबर मी जायचे आणि तुझं ते "हो बाय, रोज घेतंय" मी माझ्या कानांनी ऐकलेलं. डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं की मला त्याचाच राग आला. मी म्हटलं, आमच्या घरात असला हलगर्जीपणा चालत नाही.

आणि मग बाहेरच्या बाकावर चांगुनामावशी. तुझी जोडीदारीण. तू ओळ टाकायचीस, ती उचलायची, इतकी वर्षं. पदराचा बोळा तोंडावर धरून रडत होती. मी सहज म्हटलं, "मावशी, गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा असं कसं झालं गं?" तर तिने पदर बाजूला केला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी वेड्यासारखं बोलतेय.

"गोली? लग्नाचे दिवसान गोली कोन घेतो गो? आमी दोगी बी नाय घ्यायचो."

"म्हणजे?"

"गोली घेतली का सारखा मुताला जावा लागतं. मंग चौकावरशी उठाचा कसा?"

मला रडू वगैरे काही आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे की आत जावं आणि तुझे खांदे धरून तुला गदागदा हलवावं.

मी नोकरी करते त्या सोसायटीच्या ऑफिसात अजून विचारतात, धवलारीण म्हणजे नक्की काय हो? मी त्यांना सांगते, आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीला जेवढा मान, तेवढाच तिला. मांडव उभा राहिल्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं. तांदळाच्या पिठाचा चौक मांडतात, ती त्याच्या कडेला बसते, एकेका देवाला नावाने लग्नाला बोलावते, हळद लावायला लावते. आणि एकदा धवला सुरू केला की तो मध्ये तुटू द्यायचा नाही. तुटला तर लग्नाला बरं नाही. हे तुला तुझ्या सासूने शिकवलं आणि तू ते मरेपर्यंत पाळलंस. आणि तू म्हणायचीस, त्याचाच अर्थ धवलारणीने चौकावरून उठायचंच नाही. तासन्‌तास.

आणि तुझी गोळी होती प्रेशर उतरवणारी आणि अंगातलं जादा पाणी काढणारी, दोन्ही औषधं एकातच. सकाळी घेतली की दुपारपर्यंत तुझ्या फेऱ्या. घरी असताना ठीक होतं. पण तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नं सुरू होतात ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबत नाहीत. आज मांडव, उद्या हळद, परवा लग्न, तेरवा दुसऱ्याच घरी मांडव. म्हणजे तू गोळी कधी घेत होतीस? पावसाळ्यात? तो आजार काय लग्नाच्या तिथी बघून सुट्टीवर जाणार होता?

आपलं भांडण आठवतं ना? किती वेळा तेच तेच. मी म्हणायचे, पथ्य पाळ, सुकट कमी कर, मीठ कमी कर. तू म्हणायचीस, "डोका दुकत नाय, चक्कर येत नाय, मंग कसला बीपी? त्या मशीनला सांग, तुला बीपी हाय." आणि स्वतःच हसायचीस. मीही हसायचे, काय करणार, तुझं हसणं होतंच तसलं. पण आत्या, दुखत नाही हीच तर त्याची बदमाशी आहे. गोळी घेतली तरी काही वाटत नाही, सोडली तरी काही वाटत नाही. आत नळ्यांवर काय ताण पडतोय ते बाहेर कळत नाही आणि एके दिवशी चहाचा कप हातातून सुटतो. हे मी तुला सांगत होते. तू ऐकत होतीस. मान डोलवत होतीस. आणि मनात ठरवत होतीस, उद्या बारक्याच्या घरी हळद हाय, उद्या गोली नाय.

आरोग्य केंद्रातला तो दिवस मला विसरता येत नाही. डॉक्टर मॅडमने तुझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली. "अजून जास्तच आहे मावशी. गोळ्या घेता ना?"

"हो बाय, रोज घेतंय."

"एकही दिवस चुकत नाही?"

"चुकंल कशी? ही पोरगी मना सोरते काय?" आणि माझ्याकडे बोट.

मॅडम म्हणाल्या, मग औषध कमी पडतंय, आपण ताकद वाढवू. आणि वाढवली. मी आपली बावळट, बाहेर येऊन तुला वडापाव घेऊन दिला, शहाण्यासारखी वागतेस म्हणून. वाढवलेली गोळी तू ज्या दिवशी घेशील त्या दिवशी तुला गरगरायचं, फेऱ्या तर दुप्पट. मग तू ती आणखीनच सोडलीस. म्हणजे तू खोटं बोललीस, त्यावर डॉक्टरने खरं औषध वाढवलं, त्या औषधाने तुला त्रास झाला आणि तू पुन्हा खोटं बोललीस. बाहेरून सगळं व्यवस्थित चाललेलं. पोरगी खूश, डॉक्टर खूश, गाव खूश.

आणि कोण लाजतंय तर तू! हेच माझ्या डोक्यातून जात नाही. लाज नावाची गोष्ट तुझ्या आसपास फिरकत नव्हती. त्या बिल्डरच्या पोराच्या हळदीला डीजेवाल्याने तुझ्या धवल्यावर आवाज चढवला, तेव्हा चौकावर बसल्या जागेवरून, ओळ चांगुनामावशीवर सोपवून, तू त्याला बोटाने बोलावलंस. "इकडं ये रं. तुझे आयशीचे लग्नान पन मीच गायलेली. बंद कर ता." त्या दांडग्या पोराने निमूट जाऊन बंद केलं.

आणि मी कॉलेजात असताना, ठाणे-बेलापूर रोडच्या बसमध्ये, भरगच्च बसमध्ये! मी पोट धरून उभी होते. तू कंडक्टरला, ड्रायव्हरलासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा सांगितलंस, "पोरीला पाली आलेय, पोटान दुकतंय, कोनतरी उठा रं." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चार पुरुष एकदम उठले. घरी आल्यावर मी तुझ्याशी बोलत नव्हते तर म्हणालीस, "यान लाजाचा काय? अंग हाय. अंगाला लागंल ता मागाचा." अगं मग? तुझं ते अंग नव्हतं का? दुसऱ्याच्या अंगासाठी बस थांबवणारी बाई स्वतःच्या अंगासाठी "मला जरा जाऊन यायचंय" एवढं म्हणू शकत नव्हती?

मला माहीत आहे, पूर्वी एवढं अवघड नव्हतं. गावाच्या मागे शेतं होती, बांध होता, त्यापलीकडे खाडी. अंधारात दोन बायका उठून बांधाआड जाऊन यायच्या, कोणाला कळायचंही नाही. आता मांडव पडतो गल्लीत, चारी बाजूंना बिल्डिंगी. ग्राउंड फ्लोअरला दुकानं. संडास कोणाच्यातरी तिसऱ्या मजल्यावर, तुझे ते गुडघे, लिफ्ट नाही, आणि जिन्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. त्यांच्यामधून वाट काढत वर जायचं म्हणजे अख्ख्या गावाला कळणार, धवलारीण कुठे चालली. लाखोंचा खर्च लग्नात. ड्रोन आणतात फोटो काढायला. पण जिच्याशिवाय हळद लागत नाही त्या बाईने कुठे जायचं, हा विचार तळवलीतल्या एकाही लग्नघराला सुचला नाही. त्या माइकवाल्याला तर नाहीच नाही. त्याच्या तिन्ही पोरांची लग्नं तूच लावलीस.

आणि मयुरीच्या लग्नात मला तरी कुठे सुचलं? पण थांब. मी हा दोष घेणार नाही. गावात बायका कुजबुजतात, "भाचीचे पोरीचे लग्नासाठी हिरानी जीव दिला." जीव दिला? मी मागितला होता का? मी तर म्हणत होते, आत्या, तुझं वय झालं, हळदीपुरते दोन धवले म्हण, बाकी खुर्चीवर बसून सोहळा बघ. तर केवढी चिडलीस. "मी जित्ती असताना माझे वनूचे पोरीची हलद मुक्यानी लागंल काय?" तिथे मी हट्ट सोडला. कारण मला माहीत होतं तू हे का म्हणतेस.

माझी आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. बाबा कंपनीत शिफ्टला. तू तुझ्या घरचा स्वयंपाक उरकून, नरेशदादाला बरोबर घेऊन आमच्याकडे यायचीस, माझी वेणी घालायचीस, ती इतकी घट्ट की माझे डोळे वर ओढले जायचे. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनला नेरूळला तू आलीस, बाबा नव्हे. क्लार्कने दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा तू त्याच्या टेबलासमोर फतकल मारून बसलीस. आज मी दिवसभर लोकांशी पार्किंगवरून, पाण्यावरून भांडते आणि सोसायटीतले म्हणतात, मॅडमच्या तोंडाला कोण लागणार. ते तोंड तू दिलेलं आहे. माझ्या लग्नात आईच्या जागेवर बसायला कोणी नव्हतं, तेव्हा तू चौकावर बसून आईच्या नावाचा धवला म्हटलास, मेलेल्या बाईला लग्नाला बोलावणारा. अख्खा मांडव रडला. मी तुझी किती ऋणी आहे हे मला कधी नीट बोलता आलं नाही. भांडणंच इतकी असायची की त्याला वेळच मिळाला नाही.

म्हणून मयुरीच्या हळदीला मी तुला गाऊ दिलं. सकाळपासून तू चौकाजवळ, उन्हाची काहिली, मांडवाचं कापड तापलेलं. मी पाण्याचा ग्लास आणला. तू हाताने सारलास. मी कोकम सरबत आणलं. "नको गो." मला वाटलं, काही उपास धरला असशील, तुझे असतातच. मी म्हटलं, एक घोट तरी घे. तू गाता गाताच डोळ्यांनी दटावलंस. तुझा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं हळदीने आणि उन्हाने. मी तुझ्या शेजारी मांडी घालून बसले, पदराने तुला वारा घातला. तुला खूप बरं वाटलं, तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. किती सुंदर गात होतीस, आत्या! आता ते आठवलं की सुंदर वाटत नाही. तेव्हा तुझ्या डोक्यात काय काय फुगत होतं, तेच दिसतं.

दहावं-बारावं झाल्यावर मी आरोग्य केंद्रात गेले. भांडायलाच गेले. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, बाहेर ही एवढी रांग. मी म्हटलं, तुम्ही वाढवलेल्या गोळीने माझी आत्या गेली. त्यांनी रांग थांबवली, मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गोळी वाढवल्याने नाही गेल्या त्या. न घेतल्याने गेल्या. पण मला कळायला हवं होतं."

"सारखी लघवी लागणार नाही अशी गोळी नसते का?"

"असते ना. एक नाही, बऱ्याच. मी लगेच बदलून दिली असती. नुसतं सांगायचं होतं, मावशींनी."

मी टेबलावर हात आपटला. "त्या कशा सांगतील? तुम्ही विचारता, गोळ्या घेता ना? त्याला कोण नाही म्हणेल? ओरडा खायला? विचारा ना, कुठल्या दिवशी राहते? का राहते?"

बाहेरची रांग आत डोकावायला लागली. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. असं विचारायला हवं." मला तेही सहन झालं नाही. कोणीतरी उलट भांडायला हवं होतं ना गं. तू असतीस तर भांडली असतीस.

जाता जाता त्यांनी विचारलं, "त्यांच्याबरोबर गाणाऱ्या दुसऱ्या मावशी आहेत म्हणालात. त्या घेतात का?"  मी तडक चांगुनामावशीचं घर गाठलं.

ती तांदूळ निवडत बसली होती. आठवड्यावर लग्न आलेलं, पलीकडच्या आळीतलं. तू नाहीस, म्हणजे आता ती एकटीच गाणार. गोळी? बंद. "हिरा गेली, आता मना एकटीला धवला म्हनाचा हाय. मी उठली तं कोन हाय मागं?" मी तिला हाताला धरून आरोग्य केंद्रात नेलं. या वेळी "हो बाय" म्हणायची सोय ठेवली नाही. मीच सगळं सांगितलं, मुतायला जावं लागतं इथपर्यंत. मावशी लाजून पदरात शिरली. मॅडमने गोळी बदलली, ही रोज घ्यायची, लग्न असो नसो, आणि उन्हातान्हात पाण्यावाचून बसायचं नाही, असं बजावलं. मावशीने सगळ्याला मान डोलवली. मी तुझी मान डोलवणं बघितलेलं आहे. मी तिला दारातच अडवलं.

"मावशी, खरं सांग. पाणी पिणार आहेस का चौकावर?"

"नाय."

"का?"

"मुताला लागंल."

"मग उठायचं, जाऊन यायचं!"

"धवला तुटंल."

मी कपाळावर हात मारला. "तुझ्या सासूच्या वेळी कोणाला लघवी लागायची नाही का गं? त्या काय दगडाच्या होत्या?"

मावशी हसली. हसतच म्हणाली, "नाय गो. तवा पाच-सा जनी असायच्या धवल्याला. एक उठून बांधाव जायची, बाकीच्या गायच्या. ती आली का दुसरी जायची. कोन बगतो? धवला तुटला नाय म्हंजे झाला. बाय उठली तं उठली."

 मावशीला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. म्हणजे धवलारणीने उठू नये असा नियम कधी नव्हताच, आत्या. गाणं तुटू नये एवढाच होता. पाचसहा जणी होत्या तोवर त्यात कोणाचा जीव जात नव्हता. मग एकेक म्हातारी गेली, सुना नोकरीला लागल्या, पोरींना डीजे आवडायला लागला, आणि राहिलात तुम्ही दोघी. सहा जणींचं ओझं दोघींवर आलं आणि तुम्ही त्याला धर्म म्हणायला लागलात! तुला एवढा साधा हिशोब कळला नाही? का कळला होता आणि तरी बसून राहिलीस?

परवा त्या लग्नाची हळद झाली. मी ऑफिसला दांडी मारली. सकाळी मावशीच्या घरी जाऊन तिच्या हातावर गोळी ठेवली, तिने गिळली, तोंड उघडून दाखव म्हटलं तर शिवी दिली, पण दाखवलं. मग नवऱ्यामुलाच्या आईला गाठलं आणि तळमजल्यावरचं त्यांचं एक दुकान उघडायला लावलं, आत बाथरूम आहे म्हणून. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "धवलारणीला लागेल." ती गोरीमोरी झाली. पण चावी दिली.

मावशी चौकाच्या एका अंगाला बसली, तुझ्या जागेवर मी. मला गाता येत नाही, तुला माहीत आहे. लहानपणी मी सूर धरला की तू कानावर हात ठेवायचीस. मला धड एकच ओळ येते, गावदेवीला बोलावण्याची. मध्येच मावशीने पाणी प्यायलं, भरपूर, माझ्याकडे बघत बघत. आणखी काही वेळाने तिचा सूर हलायला लागला. ती चुळबुळली. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "ऊठ."

ती डोळे मोठे करून बघायला लागली. मी तिच्या तोंडातली ओळ घेतली. घेतली कसली, ओढली. बेसूर, फाटक्या गळ्याने. आणि ती उठली. भर मांडवात, सगळ्यांच्या देखत, पदर सावरत, गुडघ्यावर हात ठेवून, दुकानाच्या दाराकडे गेली. मी माझी ती एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. गावदेवीला त्या दिवशी इतक्यांदा बोलावलं की ती वैतागूनच आली असेल. करवल्या फिदीफिदी हसत होत्या. नवरामुलगा मोबाइल बघत होता. मग माझ्या मागे बसलेल्या एका म्हातारीने, नाव पण माहीत नाही मला तिचं, माझ्या सुरात सूर घातला. तिला पुढची ओळही येत होती.

मावशी आली, पदराला हात पुसले, बसली, आणि जिथे होतो तिथून उचललं. बस. झालं. आभाळ कोसळलं नाही. कोणाचं लग्न मोडलं नाही. कोणी एक शब्द बोललं नाही, आत्या. हळद लागली, लोक जेवायला गेले.

मी तिथेच बसून राहिले आणि मला असा संताप आला म्हणून सांगू. तुझा, माझा नाही, तुझाच. मयुरीच्या हळदीला मी तुझ्या शेजारी बसले होते. अगदी शेजारी, मांडीला मांडी लावून, तुला वारा घालत. तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. तेव्हा नुसतं म्हणायचं होतंस ना गं, "वने, धर जरा, मी आले."

मी धरलं असतं.